ॲपमध्ये भरलेला आकडा म्हणजे मोजमाप नव्हे

ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक भूक निर्देशांक प्रसिद्ध झाला. भारतातल्या पाच वर्षांखालील मुलांमध्ये कृशतेचे, म्हणजे उंचीच्या मानाने वजन फारच कमी असण्याचे प्रमाण त्यात १८.७ टक्के दिले होते. केंद्र सरकारने तो निर्देशांक फेटाळला आणि अंगणवाडी सेविका ज्यात मुलांची वजने-उंची भरतात त्या ‘पोषण ट्रॅकर’ या आपल्या ॲपमधला आकडा पुढे केला. त्यानुसार हे प्रमाण महिन्यामागून महिने ७.२ टक्क्यांच्या खालीच राहिले होते. देश तोच, वयोगट तोच, आणि दोन आकड्यांत अडीच पटींहून अधिक अंतर.

भूक निर्देशांकाच्या रचनेवरचे काही आक्षेप रास्त आहेत. पण १८.७ हा आकडा बाहेरून आलेला नव्हता. तो आपल्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीच्या माहितीवरून, थोड्या वेगळ्या हिशोबाने काढलेला होता. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत कृशता २१ टक्के होती, २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत १७.३ आणि २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १९.३. तीन वेगळ्या पाहण्यांचे आकडे १७ ते २१ च्या पट्ट्यात आणि ॲपचा आकडा थेट सातच्या आत, तेव्हा यातला कुठला धरायचा आणि तो बरोबर आहे हे कशावरून ठरवायचे, असा प्रश्न उभा राहतो.

उत्तराचा धागा त्याच आकड्यांत आहे. खुजेपणा, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंची, पाचव्या फेरीत ३५.५ टक्के होता. ॲपवर तो २०२४ मध्ये ३६-३७ टक्क्यांच्या आसपास दिसत होता, म्हणजे जवळपास तेवढाच. वयाच्या मानाने कमी वजन असलेली मुले मात्र पाहणीत ३२.१ टक्के आणि ॲपवर १७ टक्क्यांच्या आसपास. खुजेपणाच्या हिशोबात वजन येत नाही आणि तिथे दोन्ही आकडे जुळतात. उरलेल्या दोन मापांत वजन येते आणि तिथेच ते फाटतात. अंगणवाडीत फक्त धडधाकट मुले येतात म्हणून आकडा चांगला दिसतो असे असते, तर खुजेपणाही कमी दिसायला हवा होता. दोन-चार वर्षांत मुलांची वजने खरोखरच एवढी सुधारली असतील, ही शक्यता उरते. पण ती पडताळण्याचे साधन ॲपमध्ये नाही. संशय वजनाच्या नोंदीवरच येतो.

वजनाची नोंद बिघडते कशी, हे अंगणवाडीचे काम पाहिलेल्या कुणालाही ठाऊक असते. ऐंशी सेंटिमीटर लांबीच्या मुलाच्या बाबतीत मध्यम आणि तीव्र कृशतेच्या रेषांमध्ये जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोचे अंतर असते. थंडीत अंगावरचा स्वेटर आणि पायातले बूट यांचेच पावशेर-दीड पाव होते. काटा शून्यावर आहे की नाही हे ज्ञात वजन ठेवून दर वेळी तपासावे लागते. दोन वर्षांखालील मुलाची लांबी आडवे झोपवून घ्यायची, त्यापुढच्या मुलाची उंची उभे करून. आडव्या मापात साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त येतात, म्हणून पद्धत बदलली तर तेवढी दुरुस्ती करावी लागते. रडणाऱ्या मुलाचे डोके फळीला टेकवून गुडघे सरळ धरायला दोन माणसे हवीत. एका दिवसात तीस-चाळीस मुले, त्यात मदतनीस रजेवर, आणि महिनाअखेरीला नोंद ‘हिरवी’ दिसायला हवी. अशा वेळी मागच्या महिन्याच्या वजनात शंभर-दोनशे ग्रॅम मिळवून आकडा भरला जातो.

शिवाय प्रत्येक चुकीची किंमत सारखी नसते. मूल खुजे नोंदले तर सेविकेच्या मागे लगेच काही लागत नाही. तेच मूल ‘सॅम’ म्हणजे तीव्र कुपोषित नोंदले गेले, की ग्राम बालविकास केंद्रात दाखल करणे, आहाराचे वेळापत्रक, पाठपुरावा, पर्यवेक्षिकेचे प्रश्न आणि बैठकीत ‘तुमच्याकडेच इतके सॅम कसे?’ हे सगळे सुरू होते. ज्या नोंदीमुळे नोंद करणारीलाच जाब द्यावा लागतो, ती नोंद कमी होत जाणार हे उघड आहे. दोष सेविकेचा नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, तेव्हा फोनची क्षमता अपुरी आणि ॲप इंग्रजीत, अशी त्यांची साधी तक्रार होती. पुढे जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा पडताळणे सक्तीचे झाले. आहार कुणाच्या हाती गेला हे त्यातून कळते, पण मुलाचे खरे वजन पडताळण्याची तेवढीच कडक सोय अजून कुठेही नाही.

किराणा दुकानातल्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असावा लागतो. ठरलेल्या मुदतीत निरीक्षकाकडून तो तपासून घ्यावा लागतो, नाहीतर दंड होतो. दुकानदार प्रामाणिक असला तरी हा नियम सुटत नाही, कारण वजन करणारा आणि वजनातून फायदा होणारा एकच असेल तर तिसऱ्याने काटा तपासायचा हे आपण व्यवहारात केव्हाच मान्य केले आहे. देशाच्या प्रगतीच्या मोजमापात हा नियम मागे पडतो आहे. योजना राबवणारे खातेच ॲप चालवते, तेच आकडा जाहीर करते, आणि तोच आकडा खात्याच्या यशाचा पुरावा ठरतो.

शाश्वत विकासाची १७ ध्येये आणि १६९ लक्ष्ये २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत स्वीकारली गेली, त्यांची मुदत २०३० ची. भारतात सांख्यिकी मंत्रालयाने त्यासाठी राष्ट्रीय निर्देशक चौकट तयार केली. सुरुवातीला त्यात ३०६ निर्देशक होते, पुढे ते तीनशेच्या आत आले. त्यांतल्या निवडक निर्देशकांवर नीती आयोग राज्यांचा निर्देशांक काढतो. या निर्देशकांची माहिती मुख्यतः दोन वाटांनी येते. एक वाट नमुना पाहण्यांची: घरे यादृच्छिक पद्धतीने निवडायची, प्रशिक्षित अन्वेषकांनी जाऊन विचारायचे, मोजायचे. दुसरी वाट प्रशासकीय नोंदींची: शाळेचा पट, नळजोडण्या, लसीकरण, मजुरांची हजेरी. पहिली वाट महाग आणि संथ. दुसरी रोजच्या रोज, गावागावांतून, जवळजवळ फुकट वाटावी अशी. मोबाइल आल्यापासून दुसऱ्या वाटेचा लोंढा इतका वाढला आहे की पहिलीची गरजच उरली नाही, असा समज मंत्रालयांतून पसरतो आहे. माझा विरोध या समजाला आहे. ॲपमधला आकडा कारभारासाठी उत्तम आहे: कुठल्या अंगणवाडीत आहार पोचला नाही, कुठला काटा मोडला, कुठली जागा रिकामी आहे हे त्यातून कळते. देशाला गुण देण्यासाठी तो स्वतंत्र फेरमोजणीशिवाय वापरू नये.

या वादातला सगळ्यात मोलाचा धडा एका मराठी माणसाने सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी दिला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा पीककापणी प्रयोगांवर काम करत होते. शेतातला छोटासा तुकडा निवडून तेवढेच पीक कापायचे, तोलायचे आणि त्यावरून एकरी उत्पादन काढायचे, अशी ती पद्धत. तुकडा लहान ठेवला तर कमी खर्चात जास्त ठिकाणी कापणी होते, म्हणून दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्या पठडीत लहान तुकड्यांकडे कल होता. सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा जितका लहान, तितका अंदाज फुगतो. सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो, आणि लहान तुकड्यात सीमेवरच्या रोपांचा वाटा मोठा असतो. अशा शंभर तुकड्यांऐवजी दहा हजार तुकडे कापले तरी फुगवटा तसाच राहतो. फक्त चुकीचा आकडा जास्त ठाम दिसू लागतो.

हीच गोष्ट मोबाइलच्या काळात अमेरिकेत पुन्हा दिसली. २०२१ च्या वसंतात फेसबुकवरून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांची पाहणी होत होती. मे महिन्यात तिने कोविड लस घेतलेल्या प्रौढांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा १७ टक्केबिंदूंनी जास्त दाखवले. जेमतेम हजार माणसांची, पण काळजीपूर्वक निवडलेली एक पाहणी सत्याच्या कितीतरी जवळ होती. चौदा लाखांच्या घरातल्या अंगणवाड्यांमधून दरमहा येणाऱ्या कोट्यवधी नोंदींनी आपला आकडा पक्का होतो असे मानणाऱ्यांनी हा दाखला लक्षात ठेवावा. विस्तारामुळे यादृच्छिक चूक घटते, एका बाजूला झुकलेली चूक घटत नाही.

पाण्याचे उदाहरण आणखी गुंतागुंतीचे आहे, कारण तिथे मुद्दा चुकीच्या नोंदीचा नसून व्याख्येचा आहे. ध्येय क्रमांक ६ मध्ये सर्वांना सुरक्षित पिण्याचे पाणी द्यायचे आहे. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ‘सुधारित स्रोत’ वापरणारी घरे ९५.९ टक्के निघाली. जलजीवन मिशनच्या फलकावर नळजोडणी असलेली ग्रामीण घरे आता ऐंशी टक्क्यांच्या आसपास आहेत. १५ ऑगस्ट २०१९ ला मिशन सुरू झाले तेव्हा ती सुमारे १७ टक्के होती, हे यश मोठे आहे आणि ते मान्य करायला हवे. पण २०२२ च्या कार्यक्षमता पाहणीत माणशी ५५ लिटर, ठरल्या वेळापत्रकाने आणि योग्य दर्जाचे, अशा तिन्ही कसोट्यांना उतरलेली घरे ६२ टक्केच होती. पाणी एकच आणि आकडे ९६, ८० आणि ६२. तिन्ही आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर आहेत.

गडबड होते ती हवा तो आकडा हव्या त्या ठिकाणी वापरल्याने. ‘सुधारित स्रोता’च्या यादीत नळ, बोअर आणि झाकलेली विहीर आहेच, पण टँकरही आहे. म्हणजे एप्रिल-मे मध्ये मराठवाड्यातल्या ज्या गावाला दोन दिवसांआड टँकर येतो आणि बायका हंड्यांची रांग लावतात, ते गाव पाण्याच्या बाबतीत ‘सुधारित’ ठरते. व्याख्या आंतरराष्ट्रीय आहे, त्यामागे कारणेही आहेत: टँकरचे पाणी उघड्या डबक्यापेक्षा सुरक्षित असते. पण त्या ९६ टक्क्यांवरून मराठवाड्याच्या उन्हाळ्याबद्दल काहीही म्हणता येत नाही. पाहणी कुठल्या महिन्यात झाली हेही इथे निर्णायक ठरते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वैशाखात टिकत नाही.

गोव्याला ऑगस्ट २०२२ मध्ये देशातले पहिले ‘हर घर जल’ प्रमाणित राज्य म्हणून जाहीर केले गेले. त्यात एक चांगली गोष्ट होती: खात्याने ‘सगळ्यांना नळ दिला’ असे नोंदवणे आणि ग्रामसभेने ठराव करून ते प्रमाणित करणे या दोन वेगळ्या पायऱ्या होत्या. राबवणाऱ्याच्या दाव्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागते, हे तत्त्व इथे कागदावर का होईना आले. कमतरता अशी की ठराव एकदाच होतो. नळाला तीन वर्षांनी पाणी येते का, हे त्यात येत नाही. त्यासाठी पाण्याचा प्रवाह, दाब आणि उर्वरित क्लोरीन मोजणारे संवेदक बसवण्याचे प्रयोग महाराष्ट्रासह पाच राज्यांत झाले. डिजिटल साधनाचा हा खरा उपयोग, कारण यंत्राला कुणाला खूश करायचे नसते. पण क्लोरीन मोजणाऱ्या संवेदकावर थर साचतो, तो नियमित साफ करून ज्ञात द्रावणाशी जुळवून घ्यावा लागतो. वीज गेली की नोंद तुटते. तुटलेल्या नोंदीचा अर्थ ‘पाणी आले नाही’ की ‘माहिती नाही’ हे आधीच ठरलेले नसेल तर महिन्याची सरासरी निरर्थक होते. पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरावा असे भारतीय मानक सांगते. हा आकडा शेवटच्या नळाशी मोजायचा असतो, टाकीपाशी नव्हे, आणि बहुतेक ठिकाणी संवेदक बसवायला सोयीची जागा टाकीच असते. चंद्रपूर, यवतमाळच्या फ्लोराइडग्रस्त गावांत तर क्लोरीनच्या नोंदीवरून पाण्याच्या मुख्य दोषाबद्दल काहीच कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

उघड्यावरच्या शौचाबद्दल फार लिहायची गरज नाही. २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. जून २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातली १९ टक्के कुटुंबे कुठलेही शौचालय वापरत नव्हती. २०१५-१६ मधले ३९ टक्के लक्षात घेता ही घट प्रचंड आहे. पण बांधलेल्या शौचालयाचा जिओटॅग केलेला फोटो आणि घरातली म्हातारी माणसे सकाळी कुठे जातात याचे उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोषणा पहिल्या गोष्टीवर झाली होती.

फोटोने खोटेपणा थांबतो हा भ्रम रोजगार हमीच्या कामांनी पुरता मोडला. १ जानेवारी २०२३ पासून कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोन फोटो ॲपवर चढवणे सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून गैरप्रकार सांगितले: कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचा फोटो, हजेरीतली नावे आणि फोटोतली माणसे यांत मेळ नाही, तेच मजूर अनेक हजेरीपटांत, दुपारचा फोटोच नाही. त्यावर उपाय म्हणून ग्रामपंचायत पातळीवर सगळेच फोटो तपासायचा आदेश निघाला. सगळे तपासायचे ठरले की नीट काहीच तपासले जात नाही. शंभरातले पाच, पण कुठले पाच हे संगणक ठरवेल आणि तपासणारा दुसऱ्या तालुक्यातून येईल, असे असते तर कमी श्रमांत जास्त पकड बसली असती.

महाराष्ट्राला हे शहाणपण नवे नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सलग तीन दिवस राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. मुलांना या शाळेतून त्या शाळेत हलवून पट फुगवला जाऊ नये म्हणून मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावली गेली. ती तपासणी महसूल आणि इतर खात्यांच्या लोकांकडून करून घेतली गेली, आणि बनावट पटाचे खरे आकारमान पहिल्यांदा कळले. आज देशपातळीवर प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद ठेवणारी प्रणाली आहे, दुबार नावे त्यातून गळाली आणि शाळांतली एकूण नोंदणी २०२३-२४ मध्ये २४.८० कोटींवर आली. आधीच्या चार वर्षांची सरासरी २६ कोटींच्या वर होती. ही डिजिटल नोंदीची चांगली कामगिरी आहे. ई-पीक पाहणीतही शेतकऱ्याने स्वतः ॲपवर पीक नोंदवायचे आणि त्यातल्या दहा टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या, असा नियम केला गेला. दिशा योग्य आहे. फक्त हे दहा टक्के कुणी निवडायचे आणि त्यात किती नोंदी चुकीच्या निघाल्या हे गावनिहाय जाहीर करायचे, या दोन गोष्टी नसतील तर तपासणीतून चुकीचे प्रमाण कधी कळतच नाही.

याहून मूलभूत अडचण छेदाची आहे. दर हजारी, दर लाखी, टक्के यांपैकी काहीही काढायचे तर खाली लोकसंख्या लागते. आपली शेवटची जनगणना २०११ ची. मधल्या काळात सगळे गणित २०११ वरून बांधलेल्या प्रक्षेपणांवर चालले आहे. राज्याच्या पातळीवर ती बऱ्यापैकी टिकतात, पण वसई-विरार, पिंपरी-चिंचवड किंवा पनवेलसारख्या वेगाने वाढलेल्या शहरांत ती कोलमडतात. एखाद्या प्रभागात लसीकरण शंभर टक्क्यांच्या पलीकडे दिसू लागले की तो पराक्रम नसून छेद लहान पडल्याची खूण असते. अन्न सुरक्षा कायद्याखालची ८१.३५ कोटींची मर्यादा अजून २०११ च्याच लोकसंख्येवर उभी आहे. तिथे छेद चुकला की माणूस शिधापत्रिकेबाहेर राहतो.

छेद आणि पाहणी दोन्ही नसतील तर अंदाजाने जागा भरली जाते. जानेवारी २०२४ मध्ये नीती आयोगाच्या चर्चापत्रात बहुआयामी, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान मिळून मोजलेली गरिबी २०१३-१४ मधल्या २९.१७ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ११.२८ टक्क्यांवर आल्याचे आणि २४.८२ कोटी लोक गरिबीबाहेर पडल्याचे म्हटले होते. या दोन्ही वर्षी त्यासाठीची पाहणी झालेली नव्हती. पाहण्या २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या. शेवटच्या दोन पाहण्यांतला मोजलेला बदल २४.८५ वरून १४.९६ टक्क्यांपर्यंतचा आहे, आणि तो स्वतःच अभिमान वाटावा इतका मोठा आहे. त्यापुढची रेघ मागच्याच वेगाने ओढलेली आहे, आणि तिच्या वाटेत कोविडची दुसरी लाट येते. अंदाज करणे गैर नाही. पण मोजलेला आकडा आणि ओढलेली रेघ एकाच ठळक अक्षरांत छापू नयेत.

निर्देशांकाच्या गणिताबद्दलही बोलायला हवे, कारण वर्तमानपत्रात शेवटी तोच येतो. नीती आयोगाने २०१८ मध्ये ६२ निर्देशकांवर भारताला ५७ गुण दिले. २०१९-२० मध्ये १०० निर्देशकांवर ६०, २०२०-२१ मध्ये ११५ वर ६६, २०२३-२४ मध्ये ११३ वर ७१. प्रश्नपत्रिका दर वेळी बदलली असताना ५७ वरून ७१ ही सरळ वाढ म्हणून सांगता येत नाही. शिवाय सगळ्या ध्येयांची साधी सरासरी घेतली जाते. एका ध्येयात ९० आणि दुसऱ्यात ४० गुण असलेले राज्य ६५ वर पोचते आणि ‘आघाडीवर’ या गटात बसते. गुणोत्तर मध्य, म्हणजे दोन्ही गुणांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, काढला तर तेच राज्य ६० वर, म्हणजे एक पायरी खाली राहते, कारण त्या पद्धतीत एका बाजूच्या दारिद्र्याची भरपाई दुसऱ्या बाजूच्या समृद्धीने सहज होत नाही. मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये याच कारणासाठी पद्धत बदलली. २०२३-२४ मध्ये लिंगभाव समानतेचे ध्येय ४९ गुणांवर होते, पन्नाशीखाली राहिलेले ते एकमेव ध्येय. ७१ या सरासरीत ते बुडून जाते.

डिजिटल पाहण्यांकडे वळताना हे ४९ विसरून चालणार नाही. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के होत्या, पुरुष ५७.१ टक्के, आणि ग्रामीण स्त्रिया अवघ्या २४.६ टक्के. त्यानंतर हे प्रमाण नक्कीच वाढले आहे. तरीही फोनवरून किंवा संकेतस्थळावरून मिळालेला ‘नागरिकांचा अभिप्राय’ कुणाचा आवाज कमी धरतो, हे या तीन आकड्यांवरून समजते.

उपाय अवघड नाही, आणि तो भारतातच चालत आलेला आहे. नमुना नोंदणी योजनेत एक अर्धवेळ नोंदणीकार गावातले जन्म-मृत्यू सतत टिपतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस येऊन त्याची वही न पाहता तेच पुन्हा विचारतो. मग दोन्ही याद्या जुळवतात आणि न जुळलेल्या घटना तिसऱ्यांदा जाऊन तपासतात. देशाचा बालमृत्यू दर आणि मातामृत्यू प्रमाण याच आठ-नऊ हजार नमुना घटकांतून निघते. पोषणासाठी महाराष्ट्राने हेच करावे. राज्यात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. सहा महसुली विभागांतून प्रत्येकी ५० अंगणवाडी क्षेत्रे यादृच्छिक निवडावीत, म्हणजे ३००. प्रत्येक क्षेत्रात २० मुले, पण ती अंगणवाडीच्या हजेरीतून न घेता घरोघरची नवी यादी करून निवडावीत, नाहीतर यादीबाहेरचे मूल, ऊसतोड कामगाराचे किंवा वीटभट्टीवरचे, पुन्हा सुटेल. एकूण ६,००० मुले. कृशता २० टक्क्यांच्या आसपास असेल आणि एकाच क्षेत्रातली मुले एकमेकांसारखी असल्याने नमुना निम्म्याइतकाच कामाचा ठरतो असे धरले, तरी राज्याचा अंदाज दीड टक्क्याच्या आत आणि विभागाचा साडेतीन टक्क्यांच्या आसपास अचूक येतो. तिघांची ३० पथके रोज एक क्षेत्र करतील तर दहा दिवसांत काम संपते. मेळघाट आणि नंदुरबारसाठी वेगळा, मोठा नमुना घ्यावा, कारण राज्याच्या सरासरीत ते भाग दिसत नाहीत.

याचा खरा फायदा पुढे आहे. फेरमोजलेल्या मुलाची त्याच महिन्यातली ॲपमधली नोंद शेजारी ठेवली की फरक किती आणि कुठल्या दिशेने, हे विभागवार कळते. त्यावरून सगळ्या नोंदींना दुरुस्तीचा गुणक लावता येतो, आणि ॲपचा वेग व पाहणीचा खरेपणा दोन्ही एकत्र मिळतात. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडाशी आणि सुगीनंतर, हे करायला हवे. मोजणारी पथके महिला व बालविकास विभागाची नकोत. अर्थ व सांख्यिकी संचालनालय आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे सामाजिक वैद्यकशास्त्र विभाग यांच्याकडे ती द्यावीत.

काही गोष्टींना तर एक पैसाही लागत नाही. वजनाच्या शेवटच्या अंकांची वाटणी प्रसिद्ध करा: प्रामाणिक मोजणीत शून्य ते नऊ हे अंक साधारण दहा-दहा टक्के येतात. शून्य आणि पाच मिळून चाळीस टक्के दिसले की काटा वाचला गेला नाही, अंदाज लिहिला गेला. लागोपाठ दोन महिने जसेच्या तसे वजन असलेल्या मुलांचे प्रमाण प्रसिद्ध करा. प्रमाणित गुणांचा, म्हणजे प्रत्येक मुलाचे माप मानकापासून किती दूर आहे ते सांगणाऱ्या गुणांचा (झेड-स्कोअर), विस्तार (प्रमाण विचलन) प्रसिद्ध करा: तो १ च्या आसपास हवा, फार मोठा असेल तर मोजमाप ढिसाळ, फार लहान असेल तर नोंदी एकमेकींवरून उतरवलेल्या. यात एकाही मुलाचे नाव उघड होत नाही, त्यामुळे खासगीपणाचे कारण पुढे करता येणार नाही. आणि व्याख्या किंवा पद्धत बदलली त्या वर्षी आलेखात तोड दाखवा, जुन्या व नव्या पद्धतीने काढलेले दोन्ही आकडे निदान एक वर्ष शेजारी छापा.

पाहण्या उशिरा येतात आणि धोरण थांबू शकत नाही, हा आक्षेप खरा आहे. २०१७-१८ च्या उपभोग खर्च पाहणीचे निष्कर्ष दर्जाचे कारण देऊन बाजूला ठेवले गेले आणि देशाला २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ चे आकडे मिळाले. अकरा वर्षांची ती पोकळी ॲपने भरली नाही, तर्कवितर्कांनी भरली. प्रकाशनाची तारीख आधी जाहीर करणे आणि ती मंत्रालयाच्या हातात न ठेवणे, यासाठी राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाला कायद्याचे बळ लागते. २००५ च्या ठरावाने स्थापन झालेल्या या आयोगामागे अजून स्वतंत्र कायदा नाही.

दुसरा आक्षेप असा की अशा फेरमोजणीतून तळच्या कर्मचाऱ्यांवर अविश्वास दाखवला जाईल. घडेल ते उलट. आज खरे वजन लिहिणाऱ्या सेविकेचा आकडा शेजारच्या गावापेक्षा वाईट दिसतो आणि तिलाच कारणे दाखवा नोटीस जाते. स्वतंत्र पथकाने शेजारच्या गावातही तेवढीच कृश मुले मोजली, तर ती सुटते. पण त्यासाठी फेरमोजणीचा निकाल व्यक्तीवर कारवाईसाठी वापरला जाणार नाही, हे शासन निर्णयातच लिहिले पाहिजे. नाहीतर पथक येण्याच्या आदल्या दिवशी मुले मामाच्या गावाला पाठवली जातील.

१ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक असलेली जनगणना देशाची पहिली डिजिटल जनगणना आहे. तिच्यातून प्रगणन गटांची, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या घरांच्या छोट्या गटांची नवी यादी तयार होईल, आणि पुढच्या दशकातल्या प्रत्येक नमुना पाहणीचा पाया तीच असेल. ती यादी राज्यांच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयांना २०२८ च्या आत, नकाशांसह मिळाली, तरच जिल्हा पातळीवरची स्वतंत्र फेरमोजणी २०३० पूर्वी एकदा तरी पूर्ण होईल. महाराष्ट्राने त्याची मागणी आत्ताच लेखी करावी, आणि दर मार्चमध्ये विधिमंडळात मांडल्या जाणाऱ्या आर्थिक पाहणीत प्रत्येक निर्देशकाशेजारी तीन रकाने वाढवावेत: आकडा कुणी मोजला, कुणी तपासला, आणि तपासणीत किती फरक निघाला.